खापरावरचा नंबर

घोड नदीच्या काठावरचं आमचं इनामगाव. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे त्यातले जाणते. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, रांजणांतली लहान मुलांची दफनं निघाली. पण उत्खननात नुसतं खापर सापडून भागत नाही. ते कुठल्या खड्ड्यात, कितव्या थरात होतं, याची नोंद लागते. ती नसेल तर हाती उरतो फुटका तुकडा.

हे आठवलं माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या आठ जणांना चुका नोंदवण्याचं सॉफ्टवेअर निवडायचं आहे. “मामू, महिनाभर नुसता वाद चाललाय,” म्हणाला. प्रोग्रॅममधल्या चुकीला ही मंडळी ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. तो नोंदवायचा, कुणाकडे तरी सोपवायचा, दुरुस्त झाला की नोंद मिटवायची. मोझिलाचं बगझिला १९९८ पासून आहे. मँटिस, रेडमाइन फुकट मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियनचं जिरा २००२ चं. आपलं फोडणीतलं जिरं नव्हे. गोजिरा या जपानी राक्षसावरून ते नाव आलं.

कविता लिहिणाऱ्याचा याच्याशी संबंध काय? ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ घ्या. पहिल्या डोंगरातल्या, दुसरा समुद्र, फारसीतून आलेला. मराठीचा हा ‘ऱ्य’ पूर्वी कित्येक फाँटांत नीट उमटत नसे, आणि कवितेतल्या दऱ्यांचा छापताना समुद्र होई. रेड हॅट कंपनीने २००४ साली लोहित फाँट सर्वांना खुले केले. त्यांतले दोष कंपनीच्या बगझिलावर कुणालाही नोंदवता येत. पण ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहिलं, तर दुरुस्त करणाऱ्याने काय शोधायचं? कुठलं अक्षर, फाँटची कितवी आवृत्ती, कुठल्या प्रोग्रॅममध्ये, काय टंकलं आणि काय उमटलं, हे हवं. हाच तो थर.

म्हणून भाच्याला म्हटलं, रंगीत आलेखांवरून भांडू नका. गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या मुलीला त्यापुढे बसवा. तिला पाच मिनिटांत नोंद करता आली पाहिजे. पंचवीस रकाने भरायला लावलेत तर ती उठून तोंडीच सांगेल, आणि तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विरून जातं. आवश्यक रकाने चार-पाचच ठेवा, पण ते सोडू देऊ नका. देवनागरीत एक तक्रार लिहा आणि तीच शोधून पाहा, सापडते का?

दुसरं, नोंदी बाहेर काढता येतात का, हे घेण्याआधीच करून बघा. जोडलेल्या चित्रांसकट, कोण काय म्हणालं त्यासकट. १५ फेब्रुवारी २०२४ ला ॲटलासियनने जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार बंद केला. ज्यांनी ते स्वतःच्या यंत्रावर बसवलं होतं, त्यांना दुसरी सोय पाहणं भाग पडलं. वर्षानुवर्षांच्या नोंदी हलवायच्या म्हणजे घर हलवण्यासारखंच.

भाचा म्हणाला, “मामू, आम्हा आठ जणांना रेडमाइन पुरेल. पण त्याचा सर्व्हर सांभाळणार कोण?” प्रश्न रास्त आहे. फुकटच्या वस्तूचीही राखण करावी लागते. तेवढा मोकळा माणूस नसेल तर महिन्याचं भाडं भरून दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवा. मात्र नोंदींची एक प्रत दर शनिवारी आपल्याकडे उतरवून घ्या, आणि ती उघडते का, तेही पाहा.