हुर्योच्या रात्रीनंतरची सकाळ



कलाकृतीचे मूल्य कोण ठरवतो, हा प्रश्न फार जुना आहे. लोक ठरवतात, असे काही जण म्हणतात. जाणकार ठरवतात, असे इतरांचे मत असते. परंतु जाणकारांनी सारे जाणूनही मौन पाळले तर काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान या नगरीत मे १९६० मध्ये घडलेला एक प्रसंग नेमका याच प्रश्नाशी येऊन भिडतो.

त्या वर्षीच्या कान चित्रपट महोत्सवात मिकेलँजेलो अंतोनिओनी हे इटालियन दिग्दर्शक ‘लाव्हेंतुरा’ हा चित्रपट घेऊन आले होते. त्यांचा जन्म १९१२ चा, इटलीतील फेरारा गावचा. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस. सोबत होत्या चित्रपटाच्या नायिका मोनिका विट्टी, वय अठ्ठावीस. मूळच्या त्या रंगभूमीवरील अभिनेत्री. अंतोनिओनींच्या १९५७ च्या ‘इल ग्रीदो’ या चित्रपटात पडद्यावरील दुसऱ्या एका अभिनेत्रीला त्यांनी केवळ आवाज दिला होता. चित्रपटातील एवढी मोठी भूमिका त्यांच्या वाट्याला प्रथमच येत होती.

हा चित्रपट सुखासुखी तयार झालेला नव्हता. सिसिलीजवळच्या लिस्का बियांका या निर्जन, खडकाळ बेटावर चित्रीकरण चालू असताना निर्मात्यांचा पैसा संपला. कामगारांना वेतन मिळेना, कलावंत आणि तंत्रज्ञ बेटावर अडकून पडले, खाण्यापिण्याचीही आबाळ झाली. पुढे नवे आर्थिक साहाय्य मिळाले आणि काम कसेबसे तडीस गेले. एवढ्या कष्टांनी सिद्ध झालेली ही कृती कानच्या पडद्यावर प्रथम झळकणार होती.

कथानक वरवर पाहता साधे आहे. सधन मित्रमंडळी नौकेतून सहलीला निघतात. बेटावर उतरल्यावर त्यांच्यातील अॅना ही तरुणी अकस्मात नाहीशी होते. तिचा प्रियकर सान्द्रो आणि तिची मैत्रीण क्लॉदिया तिचा शोध घेऊ लागतात. क्लॉदियाची भूमिका विट्टी यांची. शोध चालू राहतो, पण त्यातील आर्तता हळूहळू ओसरते, आणि शोध घेणारे दोघेच परस्परांत गुंतत जातात. अॅनाचे काय झाले, हे अखेरपर्यंत उलगडत नाही. दिग्दर्शकाला रहस्य सोडवायचेच नव्हते. माणूस आपल्या माणसाला किती लवकर विसरतो आणि त्या विसरण्याची त्याला किती अल्प लाज वाटते, हे त्याला दाखवायचे होते.

प्रेक्षक मात्र उत्तराची वाट पाहत होते. प्रदीर्घ, संथ दृश्ये पाहून त्यांचा संयम सुटला. गंभीर प्रसंगी हशा पिकू लागला. ‘कापा, कापा’ अशा आरोळ्या उठल्या. आपल्या पहिल्याच मोठ्या भूमिकेची अशी हुर्यो उडताना विट्टी पाहत होत्या. त्या अश्रू ढाळीतच सभागृहाबाहेर पडल्या. बेटावरच्या उपासमारीतून वाचलेला चित्रपट आता एका रात्रीत बुडणार, अशीच चिन्हे होती.

परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवेदन प्रसिद्ध झाले. महोत्सवाला आलेल्या अनेक दिग्दर्शकांनी व समीक्षकांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या होत्या, आणि त्यांत अग्रभागी नाव होते रोबेर्तो रोसेलिनी यांचे. हा चित्रपट असामान्य महत्त्वाचा आहे, त्याच्याविषयी प्रकट झालेले वैर क्लेशदायक आहे आणि त्याच्या कर्त्याविषयी आम्हाला आदर वाटतो, असा त्या निवेदनाचा आशय होता.

येथे रोसेलिनी यांचे नाव विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. युद्धाने होरपळलेल्या रोमचे चित्रण करणारा ‘रोम, ओपन सिटी’ त्यांनी १९४५ मध्ये निर्माण केला होता. त्यांची वाट निराळी, अंतोनिओनींची निराळी. या चित्रपटाच्या यशात त्यांचा कोणताही लाभ नव्हता. तरीही जे चांगले दिसले, त्याला त्यांनी आपले नाव देऊन चांगले म्हटले.

जॉर्ज सिमेनाँ यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने त्या वर्षीचा सर्वोच्च सन्मान फेदेरिको फेलिनी यांच्या ‘ला दोल्चे व्हिता’ला दिला. परंतु चित्रपटाची नवी भाषा शोधल्याबद्दल परीक्षकांचा पुरस्कार ‘लाव्हेंतुरा’लाही मिळाला, जपानच्या कोन इचिकावा यांच्या ‘कागी’सह तो विभागून देण्यात आला. अवघ्या दोन वर्षांत, १९६२ मध्ये, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा जगातील श्रेष्ठ चित्रपटांत तो ‘सिटिझन केन’च्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता. ज्या कानमध्ये हुर्यो उडाली, त्याच कानमध्ये १९६७ साली अंतोनिओनींच्या ‘ब्लो-अप’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. विट्टी तर पुढे विनोदी भूमिकांतूनही इटलीच्या घराघरांत पोहोचल्या. अंतोनिओनी २००७ मध्ये आणि विट्टी २०२२ मध्ये निवर्तल्या.

भारतीयांना हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. १९५६ मध्ये याच कानमध्ये सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या पहिल्या खेळाकडे अनेक परीक्षक फिरकले नव्हते. काही समीक्षकांनी आग्रह धरला म्हणून तो पुन्हा दाखवला गेला, आणि उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरवला गेला. तेथेही कुणीतरी उठून बोलले, म्हणून न्याय झाला.

यातून काढायचा बोध नीट तोलून काढला पाहिजे. ज्याची हुर्यो उडते ते सारे थोरच असते, असे मुळीच नाही. त्या रात्रीचे प्रेक्षकही दुष्ट नव्हते. त्यांची अपेक्षा निराळी होती, इतकेच. ‘लाव्हेंतुरा’ आजही कित्येकांना कंटाळवाणा वाटतो, आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रश्न आहे तो ज्यांना त्याचे मोल कळले होते त्यांचा. खोलीत बसून हळहळणे त्यांना सहज शक्य होते. ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून पुढच्या खेळाला जाणेही शक्य होते. त्यांनी स्वाक्षरी केली, आणि तीही दुसऱ्याच दिवशी, जेव्हा तिची गरज होती. हेच शब्द दहा वर्षांनी उच्चारले असते, तर तो केवळ इतिहासातील अभिप्राय ठरला असता.

प्रत्येक गावात, प्रत्येक संस्थेत, प्रत्येक घरात कुणाचे तरी प्रामाणिक काम हशात बुडत असते. गोंगाट करणारे थोडेच असतात, परंतु मनातून दाद देणारे गप्प राहतात, म्हणून त्या थोड्यांचाच आवाज सर्वांचा भासतो. सज्जनांची दाद मनात राहून कुणाच्याही उपयोगी पडत नाही. ती वेळेवर, उघडपणे आणि आपल्या नावानिशी दिली गेली पाहिजे.