पिझ्झाच्या दुकानावरचं ऑफिस

हेडफोन नीट लावा, बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. आज मी थोडा निवांत बोलणार आहे.

यूट्यूबवर चॅनल कसं वाढवायचं, थंबनेल कसा करायचा, हे सांगणारे ढीगभर लोक आहेत. त्यात माझी भर नको. आज बोलायचंय ते यूट्यूब ही कंपनी पोरसवदा होती तेव्हाबद्दल. आत कोण बसायचं, दिवसभर काय करायचं आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडलं. हा शेवटचा मुद्दा डोक्यात ठेवा, कारण तुमच्यापैकी एका मुलीने मला मेसेज केलाय. तिला एका व्हिडिओ स्टार्टअपची ऑफर आहे. पगार आत्ताच्या नोकरीपेक्षा कमी, पण 'ईसॉप देतो' म्हणतायत. घरी आई म्हणते, असली नोकरी नको. ती विचारते, दादा, काय करू? तिच्या प्रश्नाकडे येतो, पण वाटेत बरंच काही आहे.

२००५ सालचा फेब्रुवारी. तीन मित्र. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम. तिघेही पेपॅलमध्ये सुरुवातीच्या काळात काम केलेले. २००२ मध्ये ईबेने पेपॅल विकत घेतलं, तेव्हा तिथल्या बऱ्याच जणांच्या हातात थोडेफार पैसे आले आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकमेकांचे फोन नंबर आले. हर्ली डिझायनर, पेपॅलचा लोगो त्याने केलेला. चेन आणि करीम इंजिनिअर, दोघेही इलिनॉय विद्यापीठात शिकलेले. चेन तैवानमध्ये जन्मलेला. करीम जन्मला पूर्व जर्मनीत, वडील बांगलादेशी, आई जर्मन. आपण 'अमेरिकन कंपनी' म्हणतो खरं, पण त्या टेबलाभोवती बघा कोण बसलंय.

सुरुवातीची कल्पना काय होती, माहितीये? लग्न जुळवायची! म्हणजे अगदी लग्न नाही, डेटिंग. लोकांनी आपला व्हिडिओ टाकायचा, 'मी असा, मला अशी हवी'. डोमेन नोंदवलं १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाईन डेला. कोणी व्हिडिओच टाकेना. मग त्यांनी जाहिरात दिली की मुलींनी व्हिडिओ टाकला तर पैसे देऊ. तरी कोणी येईना. शेवटी डेटिंग गुंडाळलं आणि ठरवलं, ज्याला जे टाकायचं ते टाकू दे.

२३ एप्रिल २००५ ला पहिला व्हिडिओ चढला. करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे आणि त्यांची सोंड लांब आहे असं काहीतरी सांगतोय. वीसेक सेकंदांचा. अजून आहे तो, बघून घ्या. आजच्या कुठल्याही कंटेंट हेडने तो पहिल्या फेरीत नापास केला असता.

आता भांडणाचा पहिला धागा. पुढे कंपनी गाजली तेव्हा एक गोष्ट सगळीकडे छापून आली. चेनच्या घरी जेवणाची पार्टी होती, व्हिडिओ काढले, ते मित्रांना ईमेलने पाठवता येईनात, म्हणून यूट्यूब सुचलं. करीमने २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं की असल्या पार्टीला आपण नव्हतोच. त्याच्या म्हणण्यानुसार कल्पना सुचली ती डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे आणि त्याच वर्षीच्या सुपर बोलमधल्या जॅनेट जॅक्सनच्या प्रसंगाचे व्हिडिओ इंटरनेटवर शोधताना. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्यांनी स्टार्टअपमध्ये काम केलंय ते ओळखतील, कंपनी चालली की 'सुचलं कोणाला' याची गोष्ट साफसूफ होत जाते आणि तिच्यात जो रोज ऑफिसला असतो तो उरतो. करीम रोज नसायचा. त्याने स्टॅनफर्डला शिकायला जायचं ठरवलं, सल्लागार म्हणून राहिला आणि त्या बदल्यात कमी हिस्सा घेतला.

मधल्या काळात सर्व्हरचं बिल कोण भरत होतं? चेनचं क्रेडिट कार्ड. व्हिडिओ पाठवायला बँडविड्थ लागते आणि जितके जास्त लोक बघतील तितकं बिल जास्त. म्हणजे यश आलं की आनंद व्हायच्या आधी पोटात गोळा. नोव्हेंबर २००५ मध्ये सेकोया कॅपिटलने ३५ लाख डॉलर घातले. तिथे रोलोफ बोथा होते, पूर्वी पेपॅलचे अर्थप्रमुख. पुन्हा तेच, जुने फोन नंबर. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी ८० लाख आले.

ऑफिस सॅन मॅटिओ गावात, एका पिझ्झाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण आमचं ऑफिस बाणेरला एका टू-बीएचकेमध्ये होतं आणि खाली वडापाव. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर देशात शॉर्ट व्हिडिओ ॲप्सचं पीक आलं. त्यातल्या एका छोट्या कंपनीत मी मराठी कंटेंट बघायचो. बेडरूममध्ये एडिटर, हॉलमध्ये बाकी सगळे, किचनच्या ओट्यावर राउटर. संध्याकाळी पाच वाजता खालून तळणीचा वास आला की मीटिंग आपोआप संपायची.

पण आमच्यात आणि त्यांच्यात एक फरक होता. आमच्याकडे लोक यावेत म्हणून आम्ही धडपडत होतो आणि त्यांच्याकडे येणारे लोक त्यांना आवरत नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये रोज ८० लाख व्हिडिओ बघितले जात होते. जुलै २००६ मध्ये १० कोटी! रोज ६५ हजार नवे व्हिडिओ चढत होते. हा गाडा ओढायला तांत्रिक बाजूला किती माणसं? २००७ साली सिएटलच्या एका परिषदेत यूट्यूबच्या इंजिनिअरने सांगितलं. दोन सिस्टिम ॲडमिन, दोन जण साइट वाढवत नेणारे, दोन नवी फीचर्स करणारे, दोन नेटवर्कवाले आणि एक डेटाबेसवाला. झाले नऊ. आपल्याकडे एवढी माणसं लग्नात पंगत वाढायला लागतात.

त्याने आपली कार्यपद्धतीही सांगितली. कुठे अडलंय ते शोधायचं, दुरुस्त करायचं, एक पेग मारायचा, झोपायचं. उठल्यावर नवीन काहीतरी अडलेलं असतंच. हे चक्र दिवसातून अनेकदा फिरायचं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तुम्हाला वाटेल, सगळ्यात त्रास मोठमोठ्या व्हिडिओंनी दिला असेल. नाही. छळलं ते थंबनेल्सनी. एका व्हिडिओमागे चार छोटी चित्रं. व्हिडिओ तुम्ही एकच बघता, पण एका पानावर चित्रं दिसतात डझनावारी. प्रत्येक चित्र म्हणजे डिस्कवर वेगळी फाइल, ती शोधायला डिस्कची सुई इकडून तिकडे. सुट्ट्या पैशांसारखं आहे हे. पाचशेची नोट मोजायला सोपी, पाचशे रुपयांची चिल्लर मोजून दाखवा. सर्व्हर या चिल्लरीखाली वाकले. पुढे गूगलची स्वतःची साठवणीची व्यवस्था, बिगटेबल, वापरायला मिळाली तेव्हा तो प्रश्न सुटला.

आमच्याकडे हे सगळं एकच माणूस बघायचा, सांगलीचा. आम्ही त्याला 'भावा' म्हणायचो. रात्री दोनला ॲप बंद पडलं की फोन त्यालाच. गणपतीत गावी गेला होता, आरती चालू असताना एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप, असा फोटो आहे त्याचा माझ्याकडे. सगळे हसलो होतो तेव्हा. आता बघवत नाही तो फोटो.

बरं, इंजिनिअर लोकांच्या गोष्टी सगळे सांगतात. मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते लोक वेगळेच आहेत. रोज ६५ हजार व्हिडिओ येतात म्हटल्यावर त्यात काय काय येत असेल? मारहाण, प्राण्यांचे हाल आणि लहान मुलांच्या बाबतीत जे उच्चारू नये तेही. ते बघून काढणार कोण? यूट्यूबमध्ये २००६ ला त्यासाठी एक छोटी टीम होती, तिला 'स्क्वॉड' म्हणायचे. साधारण दहा जण, बहुतेक विशी-पंचविशीतले, पाळ्यांमध्ये काम. काय ठेवायचं, काय काढायचं याचे नियम सुरुवातीला जेमतेम पानभर. बाकी स्वतःच्या पोटाला काय वाटतं त्यावर. आज जगभर जे नियम आहेत, त्यांची सुरुवात त्या मुलामुलींनी दिवसभर नको ते बघत केली. कंपनीच्या वाढदिवसाच्या भाषणांत त्यांचा उल्लेख मला कधी ऐकू आलेला नाही.

आमच्याकडे हे काम करायच्या एक ताई. आधी सोलापूरकडे शाळेत शिकवायच्या, लग्नानंतर पुण्याला आल्या. आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या, म्हणून सगळे 'ताई'च म्हणायचे. संध्याकाळची पाळी, दोन स्क्रीन, एका पाळीत शेकडो व्हिडिओ. एकदा मी विचारलं, "ताई, घरी गेल्यावर हे डोक्यातून जातं का हो?" म्हणाल्या, "नळ सोडून भांडी घासत बसते मी. आवाजाने बरं वाटतं." एवढंच. त्या कंपनीच्या पगारावर नव्हत्या, एका एजन्सीच्या होत्या. दिवाळीला आम्हा सगळ्यांना ईसॉपची पत्रं मिळाली, ताईंना सोनपापडीचा डबा.

आता विक्रीकडे. २००६ च्या उन्हाळ्यापर्यंत यूट्यूबसमोर दोन संकटं होती, बँडविड्थचा खर्च आणि कॉपीराइट. लोक टीव्हीवरचे कार्यक्रम सर्रास टाकत होते. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मधलं एक गाणं डिसेंबर २००५ मध्ये तुफान चाललं, साइटला त्याने खूप लोक दिले आणि फेब्रुवारीत एनबीसीने ते काढायला लावलं. आतही यावरून खटके उडत होते. पुढे व्हायकॉमने मार्च २००७ मध्ये १ अब्ज डॉलरचा दावा लावला, त्यात संस्थापकांचे जुने ईमेल बाहेर आले. २००५ च्या एका ईमेलमध्ये चेन करीमला चक्क सांगतोय की साइटवर चोरीचे व्हिडिओ टाकणं बंद कर. तो खटला २०१४ ला तडजोडीने मिटला. मित्रांनो, ऑफिसचे ईमेल लिहिताना एवढं ध्यानात ठेवा, ते कधीतरी कोर्टात मोठ्याने वाचले जाऊ शकतात.

विक्रीची बोलणी कुठे झाली? डेनीज नावाच्या साध्या हॉटेलात, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही. आपल्याकडे हायवेवरच्या ढाब्यावर सौदा करावा तसं. ९ ऑक्टोबर २००६ ला जाहीर झालं, गूगलने १.६५ अब्ज डॉलरचे शेअर देऊन यूट्यूब घेतली. तेव्हाच्या दराने सात हजार कोटी रुपयांच्या वर. कंपनीचं वय दोन वर्षंही नाही आणि माणसं सुमारे ६५.

कोणाला किती, हे फेब्रुवारी २००७ मध्ये सरकारी कागदपत्रांतून बाहेर आलं. हर्ली, सुमारे ३४.५ कोटी डॉलरचे शेअर. चेन, ३२.६ कोटी. करीम, ६.४ कोटींच्या वर. आणि सेकोया? सुमारे ४४ कोटी. म्हणजे ज्यांनी पैसे लावले त्यांना कुठल्याही एका संस्थापकापेक्षा जास्त. करीमबद्दल लोक हळहळतात. मी नाही हळहळत. तो वर्गात बसला होता आणि तरी त्याला मिळालं, कारण त्याचा हिस्सा कागदावर होता. हिशोब झाला तो कागदावरून. पार्टीला कोण होतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

तर आता त्या मुलीचा प्रश्न. ऐक गं, 'ईसॉप देतो' हे वाक्य अर्धवट आहे. पहिलं विचार, किती शेअर, आणि कंपनीचे एकूण शेअर किती. 'दहा हजार ऑप्शन' ऐकायला भारी वाटतात, पण एकूण दहा कोटी असतील तर? दुसरं, हक्क कधी लागू होतो. आपल्या कायद्यात ऑप्शन दिल्यापासून निदान एक वर्ष थांबावंच लागतं. आमच्या एडिटरला अकराव्या महिन्यात 'खर्च कमी करतोय' म्हणून घरी पाठवलं. पत्र त्याच्याकडे अजून आहे, किंमत शून्य. तिसरं, शेअर घेताना किती भरावे लागतील आणि नोकरी सोडल्यावर किती दिवसांत. पुष्कळ ठिकाणी नव्वद दिवस देतात. चौथं, कर. शेअर घेतेस त्या दिवशीचा बाजारभाव आणि तू भरलेली किंमत यातला फरक पगारात धरतात, त्यावर कर लागतो. शेअर विकले नसले तरी! काही मान्यताप्राप्त स्टार्टअप्समध्ये हा कर पुढे ढकलता येतो, तुझी कंपनी त्यात बसते का ते विचार. ऑफर लेटरवर कोणाचं नाव आहे तेही बघ, कंपनीचं की एजन्सीचं. आणि पगार असा हवा की ते सगळे ऑप्शन शून्य झाले तरी तुझं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे निघतील.

हे विचारल्यावर समोरचा चिडला, तर उत्तर मिळालंच. नीट बसून समजावलं, तर आईला फोनवर घे आणि तिलाही ऐकव.

आमची कंपनी दोन वर्षांत बंद झाली. भावा आता हैदराबादला आहे, रात्री झोपतो म्हणे. ताई पुन्हा शाळेत शिकवतात, पाचवीचा वर्ग. परवा त्यांचा फोन आला होता, मुलांना मोबाईलवर काय बघू द्यावं यावर पालकसभेत बोलायचंय, काय काय सांगू? मी म्हटलं, ताई, तुम्ही मला विचारताय?

चला. पुढच्या भागात व्हायकॉमचा खटला सविस्तर. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त दोन मिनिटांपेक्षा मोठी नको.