दांडा स्टिअरिंगलाच ठेव

कुर्ल्याला बनलेली प्रीमिअर पद्मिनी आठवते ना? १०८९ सीसी, चार गिअर, दांडा स्टिअरिंगला. आपल्यापैकीच एकाच्या वडिलांची तशी गाडी सध्या माझ्या सातपूरच्या गॅरेजमध्ये आहे. गिअरबॉक्स संपलाय. ‘पाच गिअरचा टाक, पण दांडा खाली नको. पुढच्या सलग सीटवर आई मध्ये बसते,’ असा हुकूम.

स्टिअरिंगचा दांडा आपल्याकडे ओढला की नळी सरकते, गिअरची जोडी निवडली जाते. वर-खाली केला की नळी फिरते, गिअर पडतो. नव्या बॉक्सला या दोन्ही हालचाली वरच्या एकाच दांड्यातून मिळायच्या. म्हणून आता दोन वेगळ्या केबल. दिशा उलटी आली तर मधल्या टेकूच्या पलीकडून जोडायचं. चाल कमी पडली तर नळीवरचा हात लांबवायचा, मग दांडा जड लागतो. काकूंच्या चिरंजीवांना हे आधीच सांगून ठेवलंय.

खरी भीती वेगळीच. या बॉक्सात पाचव्याच्या समोर रिव्हर्स आहे आणि मूळ दांड्याबरोबर त्याचा अडसरही निघून गेला. स्प्रिंगचा नवा अडसर बसून तपासून होईपर्यंत किल्ली माझ्याच खिशात राहील, मित्र कितीही रागावला तरी.