आपली विश्वासू



दहावीला पत्रलेखन पाठ करून आपण मार्क मिळवले. 'मी कष्टाळू व प्रामाणिक आहे' हे वाक्य मी पुढे नोकरीच्या प्रत्येक अर्जात घातलं. मुलीच्या जन्मानंतर चार वर्षं घरी होते. पुन्हा नोकरी शोधताना ती चार वर्षं लपवत राहिले. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही.

मग एक जाहिरात नीट वाचली. त्यांना बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर नव्या डेटाबेसवर न्यायचं होतं. कव्हर लेटरच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, की हे काम मी केलं आहे. कुठं अडलं, कसं सुटलं, तेही चार ओळींत सांगितलं. शेवटी लिहिलं, 'चार वर्षं मुलीसाठी घरी होते. या वर्षी पायथॉन शिकले. त्यात लिहिलेला छोटा प्रोग्रॅम सोबत जोडला आहे.' सगळं एका पानात. मुलाखतीचं बोलावणं आलं.

आता असे अर्ज मीच वाचते. कंपनीचं नाव तेवढं बदलून धाडलेलं पत्र दुसऱ्या ओळीत ओळखू येतं.

आपल्यातल्या काहींची नोकरी गेली आहे, काहींची मुलं पहिला अर्ज लिहीत आहेत. त्यांना एवढंच सांगते : आधी समोरच्याची गरज, मग त्यासाठी आपण केलेलं एखादं काम. बायोडेटा पुन्हा उतरवू नका. नोकरी नसलेली वर्षं एका ओळीत सरळ सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मराठीच्या बाईंनी शिकवलेला शेवट मात्र ठेवा, 'आपली विश्वासू'. वरचा मजकूर खरा असेल, तर तो शोभतो.