जाळीच्या पिशवीचं अस्तर

दोन सुयांवर जाळीची खांद्यावरची पिशवी विणायची असेल, तर लोकरीऐवजी सुती दोरा घ्या. लोकर ओझ्यानं फार ताणली जाते. सुईवर दोऱ्याचा वेढा घेतला की भोक पडतं, पण एक टाका वाढतो. म्हणून शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. विणून झालं की ओलं करून, टाचण्या लावून वाळवा. जाळी खरी उमलते ती तेव्हाच, आणि अस्तराचं माप घ्यायचं तेही त्यानंतरच. अस्तर किंचित आखूड बेता: किल्ल्या, पाकीट यांचा भार कापडानं पेलायचा, जाळीनं नव्हे. गडद निळ्या दोऱ्याखाली हळदी पॉपलीन काय खुलतं! नुसता विणलेला पट्टा लोंबत जातो. त्याला आतून सुती पट्टी शिवा आणि टोकं अस्तरातही पक्की घ्या.