बाजाराची वाट दाखवणारा शेजारी



काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात, दंगलीत घर जळालेले एक कुटुंब राहावयास आले. आम्ही दोन महिने त्यांना धान्य पोहोचवले, भांडी दिली, कपडे दिले. पण घरातला कर्ता पुरुष कोणते काम जाणतो, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. तो शिंपी होता. त्याला धान्यापेक्षा शिवणयंत्राची गरज होती. ही चूक माझीही आहे. म्हणूनच आज या विषयावर बोलावयास उभा आहे.

वास्तविक हा धडा आपणांस नवा नाही. इ. स. ६२२ मध्ये मक्केतील घरदार सोडून मुहाजिर मदिनेत आले, तेव्हा प्रेषितांनी त्यांचे व मदिनेच्या अन्सारांचे बंधुत्वाचे नाते जोडले. हजरत साद बिन रबी यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुवा दिली आणि फक्त बाजार कोठे आहे, तेवढे विचारले. पनीर व तुपाच्या व्यापारातून ते लवकरच आपल्या पायावर उभे राहिले. देणाऱ्याचे औदार्य थोर खरे, पण मागणाऱ्याचा स्वाभिमानही तितकाच थोर!

आपल्या कोल्हापूरजवळचे वळीवडे पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ पर्यंत, तेथील छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. परक्या मुलखातही त्यांनी आपल्या शाळा चालवल्या. पुढे त्याच जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव वसले. तेच आजचे गांधीनगर. निर्वासितांनी उभारलेल्या तेथील कापडबाजारात आज दूरदूरचे व्यापारी खरेदीस येतात.

या कामाची शिस्त मात्र कॅनडाकडून शिकावी. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया व लाओस येथील सुमारे ६०,००० निर्वासित त्या देशात आले. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांची जबाबदारी सरकारने नव्हे, तर साध्या नागरिकांनी घेतली. पाच प्रौढ व्यक्तींनी एकत्र यावे आणि एका कुटुंबाला वर्षभर सांभाळावे, अशी ती योजना. घरभाडे, शिधा, थंडीचे कपडे, मुलांची शाळा, डॉक्टर, बसची वाट, सारे त्यात आले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नान्सेन पदक कॅनडाच्या समस्त जनतेला देण्यात आले.

पण खरी परीक्षा बारा महिन्यांत नसते. ती तेराव्या महिन्यात असते. मदत थांबल्यावर ते कुटुंब भाडे भरू शकते काय? आई एकटी दवाखान्यात जाऊन आपले दुखणे सांगू शकते काय? मुले नवी भाषा लवकर शिकतात, म्हणून प्रत्येक कचेरीत दुभाषा म्हणून त्यांनाच नेले जाते आणि त्यांची शाळा बुडते. मोठ्यांना भाषा शिकवणे हे मुलांच्या शिक्षणाचेच काम आहे, हे आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने विसरू नये.

२०१५-१६ मध्ये सिरियातील निर्वासित कॅनडात आले, तेव्हा त्यांच्या स्वागतास पुढे आलेल्यांत एकेकाळी स्वतः निर्वासित म्हणून आलेली व्हिएतनामी कुटुंबेही होती. कालचा पाहुणा आज यजमान झाला. मदतीची याहून मोठी पावती कोणती?

पालकांनो, आपल्या वस्तीत असे कुटुंब आले तर जेवणाचे ताट जरूर न्या. पण त्यांना काय येते, हेही विचारा. त्यांच्या दुःखाची कहाणी मात्र खोदून विचारू नका. ती ते आपण होऊन सांगतील. विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या नव्या मुलाला आपल्या बाकावर जागा द्या. त्याच्या बोलीला हसू नका. तिच्यातले चार शब्द तुम्हीही शिका.

आमच्या त्या शिंप्याला अखेर यंत्र मिळाले. पुढच्या ईदला माझ्या मुलांचे कपडे त्यानेच शिवले आणि मी ठरली ती शिलाई मोजून दिली. त्या दिवशी तो मला प्रथमच खाली न पाहता बोलला.