तापाची गोळी आणि काविळीचे मूळ



मूल तापाने फणफणले की मजूर स्त्री प्रथम औषधांच्या दुकानाशी जाते. डॉक्टरकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. दुकानदार देईल ते ती घेते. अशा रीतीने घरोघर पोचलेल्या औषधांपैकी एक म्हणजे निमेसुलाइड. ताप आणि ठणका ते झपाट्याने उतरवते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु पोटात गेलेल्या औषधाचे रूपांतर यकृतात होते, आणि काही माणसांत ते यकृताच्या पेशींवरच उलटते. पॅरासिटामॉल मर्यादेबाहेर घेतल्यास यकृताला अपाय होतो; तेथे दोष मात्रेचा. निमेसुलाइडचे तसे नाही. नेहमीच्या मात्रेतही क्वचित एखाद्याचे यकृत निकामी होते, आणि तो एखादा कोण हे आधी सांगता येत नाही. ‘क्वचित’ हा शब्द कारखानदारांना मोठा सोयीचा! जे औषध लाखो घरांत जाते, त्याच्या बाबतीत क्वचित म्हणजे किती माणसे?

फिनलंड आणि स्पेन यांनी २००२ साली या औषधाची विक्री थांबविली. २००७ साली आयर्लंडने तेच केले. तेथे हे औषध घेतलेल्या सहा रुग्णांवर यकृत-प्रत्यारोपणाची पाळी आली होती आणि प्रत्यारोपण केंद्राच्या ते ध्यानात आले. भारतात बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यावर बंदी आली २०११ साली. मधली नऊ वर्षे मुलांसाठीची पातळ औषधे राजरोस विकली जात होती. औषधांची व्यापारी नावे क्रमाने बंद करावीत, असे हाथी समितीने १९७५ सालीच सुचविले होते. ते झाले नाही, म्हणून वेष्टनावरच्या आकर्षक नावामागे कोणते द्रव्य दडले आहे हे घेणाऱ्याला उमगत नाही.

अन्नावरची वासना उडणे, मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठायला हवा. प्रत्यक्षात पाल्याचा रस पाजला जातो, आणि तापाची गोळी चालूच राहते. माणूस दगावला तर ‘काविळीने गेला’ एवढीच नोंद उरते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा भारतात २०१० साली सुरू झाली असून तिच्याकडे रुग्णालाही तक्रार कळविता येते. वस्तीत कोणाला कावीळ झाली, तर मागच्या दोन महिन्यांत त्याने कोणत्या गोळ्या घेतल्या हे कार्यकर्त्यांनी विचारावे, रिकामी पाकिटे जपून ठेवावीत आणि तेथे कळवावे.